गुडघ्यावरची टोपी

सायलीच्या साखरपुड्याला तिचा सख्खा चुलता आला नाही, त्या सालची ही गोष्ट. थेरगावात डांगे चौकाजवळचं कार्यालय माणसांनी भरलं होतं. नवऱ्याकडची माणसं सांगितली त्याच्या दुप्पट आली होती. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या मात्र रिकाम्या राहिल्या. एक चुलत्याची, किसनची. दुसरी सायलीच्या आजीची, इंद्रायणीबाईंची. किसन आला नाही म्हणजे त्याच्या घरी राहणारी आईही आली नाही. ती एकटी कशी येणार? सायलीचे आजोबा, यशवंतराव, त्या दुसऱ्या खुर्चीशेजारी बसले होते. कुणी तिथं टेकायला आलं की म्हणायचे, "येतंय माणूस." शेवटची पंगत उठली तरी त्यांनी ती खुर्ची कुणाला दिली नाही.

त्या नवराबायकोची ताटातूट कुणी मुद्दाम केली नव्हती. चाकणच्या पुढं त्यांचं गाव. जमीन कारखान्यांत गेली, आणि रस्त्याकडेच्या एका तुकड्यावरून दोघा लेकांचं बिनसलं. थोरला रोहिदास, सायलीचा बाप, थेरगावला फ्लॅट घेऊन आला, धाकटा किसन चाकणलाच बंगला बांधून राहिला. वाटणीच्या दिवशी भावकी बसली. भांडीकुंडी झाली, देव झाले, आणि शेवटी आईबाप उरले. रीतच पडलीय तशी, एकाकडं बाप, एकाकडं आई, म्हणजे कुणा एकावर भार नको. किसनची पोरं तेव्हा लहान, म्हणून आई तिकडं. बाप थोरल्याकडं. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "बैलजोडी फोडली म्हना की राव." सगळे हसले. यशवंतरावही हसले. ते हसण्यावारी गेलं ते गेलंच.

भेटायला जावं तर कंबर धरलेली. इमारतीला लिफ्ट होती, पण लिफ्टनं खाली उतरून पुढं जायचं कुणाबरोबर? रोहिदास किसनच्या दारात पाय ठेवत नव्हता, किसन रोहिदासच्या. आणि तोंडानं मागावं तर काय मागावं? ऐंशीला टेकलेला शेतकरी गडी. पाणी मागता येतं, औषध मागता येतं. 'मला माझ्या बायकोला बघायचंय' हे लेकापुढं कुठल्या तोंडानं म्हणणार? म्हणालेच असते तर सूनबाई पदराआड हसली असती आणि शेजारच्या फ्लॅटपर्यंत गोष्ट गेली असती.

फोन होता. पण इंद्रायणीबाईंचे कान गेले होते. मग किसनची बायको दिपाली कधीमधी तोंड दिसणारा फोन लावून द्यायची. तिथं वेगळंच घोडं अडायचं. फोन हातात आला की इंद्रायणीबाई सवयीनं तो कानाला लावायच्या. कितीही सांगा, कानाला. यशवंतराव इकडं डोळे बारीक करून बघायचे, तर काचेत नुसता कान. कानातली सोन्याची कुडी, कानामागची पांढरी बट, बस्. यशवंतराव त्या कानालाच विचारायचे, "बरी हाईस का?" कान काही बोलायचा नाही. आता वर्ष होत आलं, त्यांनी बायकोचा फक्त कान बघितला होता.

आणि त्यांना नुसतं बघायचं नव्हतं. त्यांना काही सांगायचं होतं, आणि ते बोलून सांगायचं नव्हतंच.

त्यांचं लग्न झालं तेव्हा घर गच्च भरलेलं. सासूसासरे, दीर, जावा, एक विधवा आत्या आणि त्या आत्याचे कान. वडीलधाऱ्यांपुढं नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही, बायकोनं नवऱ्याकडं बघायचं नाही. तेव्हा यशवंतरावांनी एक युक्ती काढली. न्याहारी झाली की ओट्यावर बसून डोक्यावरची टोपी काढायची आणि डाव्या गुडघ्यावर ठेवायची. बघणाऱ्याला वाटावं, घाम आला असेल. अर्थ एकच: दुपारी खालच्या विहिरीवर ये. इंद्रायणीबाई चुलीपुढून बघायच्या. यायला जमणार असेल तर हातातल्या बांगड्या कोपराकडं सारायच्या, कामाला बसताना कुठलीही बाई सारते तशा. जमणार नसेल तर सारायच्या नाहीत. विहिरीवर तरी काय व्हायचं? दोघं काठाला बसायची. ते विडी ओढायचे, ती पाण्यात खडे टाकायची. पण तेवढ्यावर दोघांचा आठवडा निघायचा. ती खूण त्या दोघांपलीकडं कुणाला कळली नाही, त्या आत्यालासुद्धा नाही. पुढं विहीर कारखान्याच्या कुंपणात बुजली. खूण तेवढी शिल्लक राहिली, आणि ती दाखवायला जागा उरली नाही.

अशात त्या साखरपुड्यानंतर सायलीचा थोरला भाऊ जयदीप घरी येऊन राहिला. हा पोरगा इंजिनिअर झाला, एका कंपनीत लागला, आणि नोकरी सोडून सिनेमाच्या नादी लागला. सिनेमा तरी लोक बघतील असा असावा! याच्या सिनेमाला ना शेंडा ना बुडखा. गाणं नाही, मारामारी नाही, गोष्टसुद्धा नाही. आधी एकदा त्यानं दापोडीच्या रेल्वे फाटकाशेजारची एक भिंत कॅमेऱ्यात घेतली होती. भिंतीवर ऊन चढतं आणि ऊन उतरतं, झाला सिनेमा. आता त्याला आबांना, म्हणजे आजोबांना, घ्यायचं होतं. आबा गॅलरीत बसलेत, एवढंच.

"त्यात व्हनार काय?" रोहिदासनं विचारलं.

"काही नाही. मला वाट बघणं दाखवायचंय, पप्पा."

"कुनाची वाट?"

"कुणाची ते महत्त्वाचं नाही."

रोहिदास म्हणाला, "ह्याला पिच्चर न्हाई म्हनत, सीसीटीव्ही म्हनत्यात. आपल्या शेडवर चोवीस तास चालू हाय. तोच लाव की."

जयदीपला या बोलण्याची सवय होती. त्याच्याबरोबर अनुया नावाची मुलगी काम करायची, संत तुकाराम नगरची. तिनं गॅलरीच्या दारात तिकाटण्यावर कॅमेरा बसवला. जयदीपनं आबांची खुर्ची उजेडाकडं वळवली आणि सांगितलं, फक्त बसायचं, इकडं काचेत बघायचं, बोलायचं नाही.

"आन् हे जानार कुठं?" यशवंतरावांनी विचारलं.

"आजीकडं," जयदीप म्हणाला.

त्याच्या डोक्यात त्याचा सिनेमा होता. पडदा मधोमध चिरायचा, एका अंगाला आजोबा, दुसऱ्या अंगाला चाकणच्या ओट्यावर आजी, आणि आजोबांची नजर जणू आजीकडं जातेय. तो आपल्या भाषेत बोलला. यशवंतरावांनी आपल्या भाषेत ऐकलं. त्यांना वाटलं, हाही फोनच, मोठा. लाल दिवा लागला म्हणजे पलीकडं दिसायला लागलं. आणि एवढं मोठं धूड काही ती कानाला लावू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेकडून इस्त्रीचं धोतर मागून घेतलं. दाढी केली. ऊन कलायला लागलं की खुर्चीत जाऊन बसायचे, लाल दिवा लागला की ताठ व्हायचे आणि थेट काचेत बघायचे. असं की अनुयाला वाटायचं, हे माझ्या आरपार कुणाला तरी बघताहेत. मग उजेड पिवळा झाला की सावकाश टोपी काढायचे आणि डाव्या गुडघ्यावर ठेवायचे. रोज. ती येऊ शकत नाही हे त्यांना कळत होतं. विहीर नाही हेही कळत होतं. पण बोलावणं पोचणं वेगळं आणि माणूस येणं वेगळं. ते दिवस त्यांना बरे गेले. जेवण वाढलं, झोप लागायला लागली. तनुजा, त्यांची सून, नवऱ्याला म्हणाली, पोराच्या खुळानं म्हाताऱ्याला तरी गुण आला.

मग कॅमेरा चाकणला गेला. किसनचा पुतण्यावर जीव होता. भावाशी वैर होतं, त्याच्या पोराशी नव्हतं. जयदीप तिकडं राहून आला तसे यशवंतराव त्याची वाट बघत दारातच होते.

"आजी काय म्हनली?"

"कशाबद्दल?"

"मला बघून."

जयदीप हसला. "तुम्हाला कुठं बघितलं तिनं, आबा? तुमचं सगळं अजून या कार्डातच आहे." त्यानं खिशातून काढून ते तळहातावर ठेवलं. काळं, नखाएवढं.

यशवंतरावांनी ते घेतलं, उलटं केलं, पालटं केलं. इतक्या संध्याकाळी ज्या टोपीनं बोलावलं ती या एवढ्याशात अडकून पडली होती, आणि तिकडं ती बिचारी ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. त्यांनी कार्ड परत दिलं. "नीट ठेव," एवढंच म्हणाले.

पण नंतर विचार करता त्यांना वाटलं, काही बुडालेलं नाही. उशीर झाला इतकंच. सिनेमा तयार झाला की ती बघेल. पडद्यावर टोपी निघेल, गुडघ्यावर बसेल, ती ओळखेल. एकदा बघितलं तरी पुरे. त्या आशेवर त्यांनी पावसाळा काढला.

गणपती झाल्यावर जयदीपनं सांगितलं, सिनेमा झाला. अनुयाचे वडील मधुसूदनराव संत तुकाराम नगरातल्या एका वाचनालयाच्या कमिटीवर होते. तिथला वरचा हॉल रविवारी दुपारी मिळाला. किसनकाका आजीला घेऊन येणार होते. पप्पांनाही यावंच लागेल, पोराचा सिनेमा आहे. हे सगळं सांगून झाल्यावर तो जाता जाता म्हणाला, "आणि आबा, तुम्ही मधेच टोपी काढता ना, तेवढं कापलं. बाकी एक नंबर."

यशवंतराव पानाला चुना लावत होते. हात थांबला.

"कापलं म्हंजी?"

"काढून टाकलं. मला काही घडायला नको होतं त्यात. तुम्ही नुसते बसलेले हवे होतात. टोपी काढली की बघणाऱ्याला वाटतं, आता काहीतरी होणार."

"व्हऊ दे की वाटायचं असंल तर."

"पण होत तर काहीच नाही ना पुढं."

"ऱ्हाऊ दे ती टोपी," यशवंतराव म्हणाले.

"का पण, आबा?"

आता काय सांगणार? नातवाला सांगायचं, तुझ्या आजीला मी विहिरीवर बोलवायचो? त्यांचे कान गरम झाले. "डोक्याला हवा लागती," ते म्हणाले. "बरं दिसतं." जयदीप हसून त्यांच्या पाया पडला आणि गेला. यशवंतरावांनी पान तसंच डब्यात ठेवून दिलं.

रविवारी हॉलमध्ये पंखे गरगरत होते. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बायका डाव्या अंगाला बसल्या आणि पुरुष उजव्या. रोहिदास मागं एका कोपऱ्यात, किसन आल्यावर बरोबर दुसऱ्या कोपऱ्यात. इंद्रायणीबाई आल्या त्या दिपालीच्या खांद्याला धरून. फार वाळल्या होत्या. तोंड पदरानं अर्धं झाकलेलं. यशवंतरावांनी ओळखलं ते चालीवरून, डावा पाय जरा ओढून टाकण्यावरून. मधल्या वाटेपलीकडच्या खुर्चीत त्यांना बसवलं. दोघांनी एकमेकांना एकदा बघितलं आणि लगेच दोघांनीही माना दुसरीकडं वळवल्या. इतकी माणसं होती. आत्या मरून किती वर्षं झाली, पण तिचा धाक गेला नव्हता.

दिवे गेले. पडद्यावर ते दोघं आले, देवळातल्या मूर्तींपेक्षा मोठे. एका अंगाला ते, मागं डांगे चौकाचा पूल. दुसऱ्या अंगाला ती, मागून कंपन्यांचे कंटेनर जातायत. दोघंही समोर बघतायत. आणि बघतच राहिले.

थोड्या वेळानं किसननं शेजारच्याला हळू विचारलं, सुरू कधी होणार? शेजारचा म्हणाला, झालाय. कुणी फोन घ्यायला बाहेर गेलं ते आलंच नाही. मधुसूदनराव शिष्टाचारानं जागे होते. कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येत होता, आणि तो रोहिदासचा होता.

यशवंतराव पडदा बघत नव्हते. ते वाटेपलीकडं बघत होते. इंद्रायणीबाई खुर्चीत पुढं झुकल्या होत्या. पदर मागं सरकला होता आणि पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता, त्यामुळं वर्षानंतर यशवंतरावांना ते तोंड पुरं दिसलं. पापणी हलत नव्हती. जयदीपनं भिंतीपाशी अनुयाला कोपरानं ढोसून आजीकडं दाखवलं. बघ, तिला कळतोय आपला सिनेमा. यशवंतरावांना मात्र दुसरंच कळलं. ती पडद्यावरच्या त्यांच्या टोपीवर डोळे लावून बसली होती. आता काढतील, मग काढतील. आणि पडद्यावरचा तो माणूस टोपी काढणार नव्हता. असाच बसून राहणार होता. दिवे लागले की ती दिपालीला धरून जिना उतरेल, गाडीत बसेल, चाकणला जाईल, आणि मनात म्हणेल, यांनी काही बोलावलं नाही.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. टकलाला पंख्याचा वारा लागला. डाव्या गुडघ्यावर ठेवली आणि वरून हात काढून घेतला.

ती बघेना. तिचे डोळे पडद्यावर. खाकरून उपयोग नाही, ऐकू येत नाही. हात करणं या वयात शोभत नाही. आता त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. पोरगं म्हणालं होतं ना, वाट बघणं दाखवायचंय. तसे ते बसून राहिले.

तेवढ्यात पडद्यावर गॅलरीच्या कठड्यावर एक कबुतर येऊन बसलं आणि यशवंतरावांकडं मान वाकडी करून बघायला लागलं. एवढा वेळ काही घडलं नव्हतं, त्यामुळं सगळा हॉल खदखदून हसला. इंद्रायणीबाईंना हसणं ऐकू आलं नाही, पण पुढच्यांचे खांदे हलताना दिसले. काय झालं म्हणून त्यांनी मान फिरवली. डावीकडं बघितलं, मागं बघितलं, मग वाटेपलीकडं बघितलं. आधी उघडं डोकं, मग गुडघा.

किती वेळ गेला देव जाणे. मग त्यांनी डाव्या हाताच्या बांगड्या धरल्या आणि कोपराकडं सारल्या. मग उजव्या हाताच्या. हात इतके वाळले होते की बांगड्या पार वर गेल्या.

दिपालीनं विचारलं, कुठं निघालात? इंद्रायणीबाईंनी करंगळी दाखवली आणि मला जमतंय म्हणून तिचा हात बाजूला केला. भिंत धरत धरत दाराबाहेर गेल्या. यशवंतरावांनी टोपी डोक्यावर घातली, काठी घेतली, कंबर सावरत उठले. पडद्यावर दोघं तशीच बसून होती. त्यांना सोडून हे दोघं बाहेर आले.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी एक बाकडं होतं आणि शेजारी थंड पाण्याची टाकी, साखळीला स्टीलचा पेला बांधलेली. इंद्रायणीबाई बाकड्याच्या एका कडेला बसल्या होत्या. यशवंतराव दुसऱ्या कडेला बसले.

"कवाधरनं बघती," त्या म्हणाल्या, "टोपी काय काढत न्हाईत. म्हनलं, इसरले."

यशवंतराव त्यांच्या कानाशी वाकले. तो कान त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. "पोरानं कापली."

"टोपी?"

"पिच्चरमधली."

त्यांना ते नीट कळलं नाही, पण मान हलवली. मग इकडं तिकडं बघितलं. "आन् हीर कुठाय?"

यशवंतरावांनी काठीनं पाण्याच्या टाकीकडं दाखवलं. इंद्रायणीबाईंच्या तोंडाचं बोळकं उघडलं. आवाज न करता त्या हसत राहिल्या. मग उठल्या, तोटी दाबून पेला भरला, अर्धा प्यायल्या, आणि साखळी पुरेल तेवढा त्यांच्याकडं धरला.

"गार हाय," त्या म्हणाल्या.

यशवंतराव पुढं सरकून प्यायले. मग दोघं बसून राहिले. आत सिनेमा चालू होता. सगळे कंटाळलेत हे यशवंतरावांना माहीत होतं, आणि तो संपू नये असं त्या इमारतीत एकट्या त्यांना वाटत होतं. एकट्यांना म्हणणं बरोबर नाही. इंद्रायणीबाईंनी बांगड्या अजून खाली घेतल्या नव्हत्या.

आत टाळ्या वाजल्या, सुटल्यासारख्या. दार उघडलं. नेमके रोहिदास आणि किसन एकामागं एक बाहेर आले आणि आईबापांना बाकड्यावर बघून दोघंही थबकले. 'चला' असं लगेच कुणी म्हणालं नाही. माणसं त्यांना वळसा घालून जिना उतरून गेली. मग किसननं घड्याळ बघितलं, चाकण चौकात अडकायला होतं म्हणाला, आणि दिपालीनं सासूचा हात धरला. दोन पायऱ्या उतरल्यावर इंद्रायणीबाई थांबल्या आणि वर उभ्या असलेल्या जयदीपला म्हणाल्या, "टोपीचं तेवढं ऱ्हायलंय बघ, बाळा. ते घाल."

जयदीपनं आजोबांकडं बघितलं. यशवंतराव भिंतीवरची पाटी वाचत होते. जयदीपनं घरी जाऊन कापलेले सगळे तुकडे शोधून काढले आणि होते तिथं परत जोडले. पुढं तो सिनेमा जिथं जिथं दाखवला तिथं टोपीसकट दाखवला.

दिवाळी झाली की आबांना चाकणला न्यायचं, असं रोहिदास आपण होऊन म्हणाला. दारापर्यंत सोडेन, आत जाणार नाही, पण सोडेन. यशवंतरावांनी त्यासाठी नवी टोपी आणून ठेवायला सांगितली. दिवाळीत सायलीच्या सासरचे आले, मग लग्नाचा बस्ता निघाला, मग गाडी दुरुस्तीला गेली, आणि चाकणला जायचं राहूनच गेलं.

इंद्रायणीबाई दोन हजार तेवीस सालच्या डिसेंबरच्या चौदा तारखेला, गुरुवारी सकाळी, चाकणला किसनच्या घरी वारल्या.